तापलेल्या वाळूत कासवांची घरटी कशी सांभाळावीत

सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने २००२ साली रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवांची अंडी वाचवायला सुरुवात केली. तेव्हा कोणापासून वाचवायचं हे स्पष्ट होतं: अंडी चोरणारी माणसं, कुत्रे आणि कोल्हे. उपायही सरळ होता. अंडी उचलायची, कुंपणात पुरायची, राखण करायची आणि पिल्लं समुद्रात सोडायची. पुढे हीच पद्धत रायगडपासून सिंधुदुर्गापर्यंत गावोगावच्या कासवमित्रांनी उचलली आणि त्यामुळे हजारो पिल्लं समुद्रात गेली. पण उष्णतेला कुंपण अडवत नाही. आज हॅचरी, म्हणजे अंडी पुरून राखण्याचं हे कुंपण, चालवायची तर वाळूचं तापमान मोजायला आणि गरजेपुरतंच उतरवायला शिकावं लागेल. पुढची सगळी माहिती त्यासाठी आहे.

कासवाच्या अंड्यात नर होणार की मादी, हे वाळू ठरवते. अंडी उबण्याच्या काळाचे तीन भाग केले, तर मधल्या भागात वाळू गार असेल तर नर होतात, तापलेली असेल तर माद्या. रिडलेमध्ये ही सीमारेषा साधारण २९ ते ३१ अंश सेल्सिअसच्या दरम्यान आहे. त्याच्या वर गेलं की घरट्यात जवळपास माद्याच निघतात. सलग काही दिवस ३४-३५ अंशांच्या वर राहिलं, तर अंड्यातला जीव आतच मरतो, किंवा पिल्लू व्यंग घेऊन, दुबळं बाहेर येतं. म्हणजे आधी नर कमी होतात, मग पिल्लंच कमी होतात.

कोकणात कासवं नोव्हेंबर ते मार्च-एप्रिल या काळात अंडी घालतात. नोव्हेंबर-डिसेंबरची घरटी थंडीत उबतात, त्यांची काळजी नसते. फेब्रुवारी-मार्चमध्ये घातलेली अंडी मात्र एप्रिल-मे महिन्यांत उबतात आणि खरी अडचण तिथे आहे. २०२५ साली हवामान खात्याने फेब्रुवारीतच कोकणात उष्णतेच्या लाटेचा इशारा दिला होता. किनारपट्टीवर कमाल तापमान ३७ अंश किंवा जास्त आणि सरासरीपेक्षा किमान साडेचार अंशांनी वर गेलं, की हवामान खातं उष्णतेची लाट मानतं. समुद्राचंही तेच. गेल्या काही दशकांत अरबी समुद्राचा पृष्ठभाग एका अंशाहून जास्त तापला आहे, आणि पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेच्या अभ्यासानुसार १९८२ ते २००० च्या तुलनेत २००१ ते २०१९ या काळात इथली चक्रीवादळं ५२ टक्क्यांनी वाढली. २०१९ या एकाच वर्षात अरबी समुद्रात पाच वादळं झाली, आणि ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ थेट रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं. उशिराच्या घरट्यांना खालून उष्णता, समोरून उधाण आणि वरून अवकाळी पाऊस, असं तिहेरी संकट असतं.

कामाला हात घालण्याआधी

सागरी कासवं वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहेत. अंड्याला हात लावणंसुद्धा वन विभागाच्या परवानगीशिवाय गुन्हा आहे. हेतू चांगला असला तरी सूट नाही. हंगामाआधी, ऑक्टोबरातच, परिक्षेत्र वनाधिकाऱ्यांकडे जा. कोणती पुळण (वाळूचा किनारा), कोण कोण फिरणार, हॅचरी कुठे, सावली आणि पाणी यांचे प्रयोग करणार का, हे सगळं लेखी द्या. सावलीची जाळी बांधणं हाही घरट्यातला हस्तक्षेपच आहे, म्हणून तोही परवानगीत घ्या.

दुसरं म्हणजे, हॅचरी हा पहिला पर्याय नाही. घरटं भरतीच्या रेषेच्या वर असेल, कुत्र्यांचा त्रास नसेल आणि राखण करायला माणूस असेल, तर अंडी जिथे आहेत तिथेच ठेवून वर जाळीचा पिंजरा लावणं सगळ्यात चांगलं. मादीने निवडलेली जागा, खोली आणि ओल आपण हुबेहूब बनवू शकत नाही. शिवाय सगळी घरटी एकाच हॅचरीत, एकाच तापमानात आणली, तर त्या गावच्या पिल्लांमधलं नर-मादीचं वैविध्य आपणच पुसून टाकतो. पुळणीवर काही घरटी सुरूच्या झाडांच्या कडेला सावलीत असतात, काही उघड्यावर, काही ओलीच्या जवळ. हा फरक जपण्याजोगा आहे.

हॅचरीची जागा

जागा निवडायला पौर्णिमा किंवा अमावास्येनंतरचे एक-दोन दिवस गाठा, म्हणजे उधाणाची भरती बघायला मिळेल. भांगाच्या दिवसांत, म्हणजे अष्टमीच्या आसपास भरती कमी चढते तेव्हा, निवडलेली जागा हमखास फसवते. भरतीची वेळ अंदाजे काढायला तिथीची पाऊणपट करण्याची रीत सोपी आहे: अष्टमीला आठची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमाराला पूर्ण भरती. नेमकी वेळ भरती-ओहोटीच्या तक्त्यावरून पडताळून घ्या.

भरती टिपेला असताना ठरवलेल्या जागी एक मीटर खोल खड्डा खणा. तळाला पाणी दिसलं, तर ती जागा सोडा. रिडलेच्या घरट्याचा तळ ४५ सेंटिमीटरच्या आसपास असतो. पाणी त्याच्या खाली अर्ध्या मीटरवर असेल, तर एखाद्या मोठ्या उधाणात अंडी खालून बुडतात, आणि वरून काहीच कळत नाही. खड्ड्यात सुरूची मुळं दिसली तरी जागा बदला. मुळं अंड्यांमध्ये शिरतात आणि ओल ओढून घेतात. रत्नागिरी जिल्ह्यात काही पुळणींवर इल्मेनाइट हे काळं खनिज मिसळलेली काळपट रेती आहे. काळी रेती पांढऱ्या रेतीपेक्षा जास्त तापते. पर्याय असेल तर फिक्या रंगाची पट्टी निवडा, आणि पर्याय नसेल तर तापमान मोजण्यात जास्त काटेकोर राहा.

जागा दर वर्षी बदला, किंवा निदान मीटरभर खोलीची जुनी वाळू काढून भरतीच्या पट्ट्यातली स्वच्छ वाळू भरा. ती खारट असते, म्हणून हंगामाच्या बऱ्याच आधी, पावसाळ्याच्या शेवटच्या सरी तिच्यावर पडतील अशा बेताने भरा. फुटलेल्या अंड्यांचे अवशेष राहिलेल्या वाळूत बुरशी आणि जिवाणू वाढतात आणि पुढच्या वर्षीची अंडी कुजवतात.

दोन घरट्यांच्या मध्यबिंदूंत एक मीटर अंतर हवं. अंडी स्वतः उष्णता सोडतात. दाटीवाटीत शेजारच्या घरट्याची ऊब याला लागते. आठाच्या पाच रांगांत ४० घरटी बसवायची, तर चारी बाजूंना मीटरभर कड धरून ९ मीटर बाय ६ मीटर जागा लागते. कुंपणाची जाळी दीड मीटर उंच आणि अर्धा मीटर जमिनीत गाडलेली असावी. गाडलेला भाग कुत्रे, कोल्हे आणि खेकडे यांच्यासाठी आहे. जाळीची भोकं एक सेंटिमीटरच्या आसपास ठेवली तरच लहान खेकडे अडतात.

अंडी हलवण्यातली घाई आणि हळुवारपणा

सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं, म्हणून इथे थांबून वाचा.

अंडी मादीच्या पोटात असतात तेव्हा प्राणवायू कमी मिळाल्यामुळे त्यांची वाढ थांबलेली असते. बाहेर पडून हवा लागली की काही तासांत ती पुन्हा सुरू होते. मग आतला गर्भ वर सरकून कवचाच्या आतल्या बाजूला चिकटतो. ताजं अंडं पिंगपाँगच्या चेंडूएवढं, मऊ आणि किंचित पारदर्शक असतं. एक-दोन दिवसांत त्याच्या वरच्या अंगाला खडूसारखा पांढरा ठिपका उमटतो आणि तो पसरत जातो. तो ठिपका म्हणजे गर्भ कवचाला चिकटल्याची खूण. यानंतर अंडं उलटं केलं किंवा दचकवलं, तर पडदे फाटतात आणि गर्भ मरतो. बाहेरून अंडं तसंच दिसत राहतं. पन्नास दिवसांनी उकरल्यावरच कळतं.

म्हणून वेळेचं गणित असं ठेवा. अंडी घातल्यापासून दोन-तीन तासांत हलवली तर उत्तम, सहा तासांपर्यंत चालतं. त्यापुढे प्रत्येक अंड्याची वरची बाजू मऊ पेन्सिलीने खूण करून, ती बाजू वरच ठेवून, अजिबात न फिरवता हलवावं लागतं. ठिपका उमटलेली अंडी समुद्र खरोखरच गिळणार असेल तरच उचला. साधारण पंचवीस दिवसांनंतर गर्भ पुन्हा थोडा काटक होतो, तरी तेव्हाही हलवणं हा नाइलाजाचाच उपाय.

याचा अर्थ गस्त पहाटे एकदा घालून भागत नाही. रिडले बहुधा रात्री, भरतीच्या वेळेला वर येते आणि खणणं, अंडी घालणं, झाकणं हे सगळं तासाभरात उरकून परत जाते. भरतीच्या तासभर आधी एक फेरी, दोन तासांनी दुसरी आणि पहाटे तिसरी, असं वेळापत्रक ठेवा. टॉर्चवर लाल कागद किंवा लाल जिलेटिन लावा. पांढऱ्या उजेडाने वर येणारी मादी माघारी फिरते. माग ओळखणं सोपं आहे: सुमारे ७०-८० सेंटिमीटर रुंदीचा पट्टा आणि त्यात डाव्या-उजव्या वल्ह्यांच्या (वल्ह्यांसारख्या पायांच्या) आलटूनपालटून उमटलेल्या खुणा. ग्रीन टर्टल या दुसऱ्या जातीच्या कासवाचा माग यापेक्षा रुंद असतो आणि त्यात दोन्ही वल्ह्यांच्या खुणा समोरासमोर उमटतात. मादी दिसली, तर अंडी घालून ती समुद्रात परत जाईपर्यंत दहा मीटर दूर, मागच्या बाजूला, गप्प बसा.

घरटं शोधायला काठी खुपसण्याची सवय मोडायला हवी. काठी सैल वाळूत झपकन आत जाते आणि जागा कळते, हे खरं. पण त्याच झटक्यात दोन-चार अंडी फुटतात, आणि त्यांच्या वासावर मुंग्या आणि बुरशी येऊन बाकीचं घरटं नासतं. गुडघ्यावर बसा, हाताने वरची कोरडी वाळू बाजूला करा आणि बोटांनी दाबून बघा. खाली पोकळ, भुसभुशीत लागतं ती घरट्याची मान, म्हणजे वरचा अरुंद भाग.

आता उचलणं. हात साध्या पाण्याने धुतलेले असावेत. डास पळवणारं मलम किंवा सनस्क्रीन लावलेले हात चालत नाहीत. बादलीच्या तळाला घरट्यातलीच ओली वाळू पाच सेंटिमीटर पसरा. अंडी एकेक उचला, मोजत ठेवा आणि ज्या बाजूने उचलली ती बाजू वरच राहू द्या. शंभर-सव्वाशे अंडी निघतील. वरून ओल्या वाळूचा थर द्या, सुती कापडाने झाका. प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून तोंड बांधू नका. बादली हातात धरून चालत न्या. मोटरसायकलवर अडकवून नेलेल्या बादलीतली अंडी प्रत्येक खड्ड्यागणिक दचकतात, त्यात वाचवलेल्या दहा मिनिटांना काही अर्थ नाही.

मूळ घरट्याची खोली आणि तोंडाची रुंदी टेपने मोजून लिहा आणि हॅचरीत तसाच खड्डा करा: वर हात जाईल एवढी मान, खाली मडक्यासारखं पोट, तळ साधारण ४५ सेंटिमीटरवर. खड्डा अंडी येण्याच्या ऐन वेळी खणा. आधीपासून खणून ठेवलेल्या खड्ड्याच्या भिंती सुकतात आणि ढासळतात. अंडी वरून सोडू नका. हात आत घालून एकेक ठेवा. आधी ओली वाळू, शेवटी कोरडी. वाळू हलकी दाबा, पायाने ठोकू नका. बाजूला पाटी रोवा: घरट्याचा क्रमांक, तारीख, अंड्यांची संख्या, अंडी सापडल्याची आणि पुरल्याची वेळ. या दोन वेळांमधलं अंतर पुढे निदानाला फार उपयोगी पडतं.

वाळूचं तापमान मोजणं

दुपारी हॅचरीत उभं राहिलं की पाय भाजतात, पण त्यावरून अंड्यांचं काय चाललंय ते कळत नाही. पृष्ठभाग ५० अंशांच्या वर जाऊ शकतो, आणि ४५ सेंटिमीटर खाली दिवस-रात्रीचा फरक जेमतेम अंशभर असतो. उष्णता खाली झिरपायला कित्येक तास लागतात. म्हणून मोजायचं ते अंड्यांच्या खोलीवर, आणि रोज एकाच वेळी.

तापमान आपोआप नोंदवणारे लहान डेटा लॉगर मिळाले तर काम सोपं होतं. अर्ध्या अंशापर्यंत अचूक असलेले घ्या आणि दर तासाची नोंद लावा. हंगामाआधी सगळे लॉगर एका बादलीतल्या पाण्यात एक तास बुडवून ठेवा. त्यांच्या आकड्यांत फरक दिसला, तर प्रत्येकावर तो लिहून ठेवा आणि नंतर वजा करा. बर्फाचा चुरा आणि पाणी यांच्या लगद्यात शून्य दाखवतो का, हेही बघा. पुरताना पातळ पिशवीत हवा न ठेवता गुंडाळा आणि लांब नायलॉनची दोरी बांधून तिचं टोक वर ठेवा, नाहीतर एप्रिलमध्ये लॉगर शोधताना घरटी उकरली जातात.

लॉगर नसतील, तर साठ सेंटिमीटरचा पीव्हीसी पाइप घ्या, खालचं तोंड बंद करा आणि १५ सेंटिमीटर वर राहील असा पुरा. चांगल्या काचेच्या तापमापीचा फुगा मेणात बुडवून दोरीने पाइपच्या तळापर्यंत सोडा आणि वरचं तोंड कापडाने घट्ट बंद करा. मेणामुळे तापमापी बाहेर काढल्यावर आकडा लगेच हलत नाही, वाचायला सवड मिळते. हवामान केंद्रांत खोल जमिनीचं तापमान घेतानाही हीच युक्ती वापरतात.

कमीत कमी तीन ठिकाणी मोजा: हॅचरीत अंडी नसलेल्या उघड्या जागी, सावलीच्या जाळीखाली अंडी नसलेल्या जागी, आणि हॅचरीबाहेर कासवं नैसर्गिकपणे अंडी घालतात त्या पट्ट्यात. शक्य असेल तर एखाद-दुसऱ्या घरट्यात अंड्यांच्या मध्यभागी लॉगर ठेवा, पण तो अंडी पुरतानाच. नंतर घरटं उघडून नव्हे. घरट्यातला आकडा शेवटच्या दोन-तीन आठवड्यांत रिकाम्या वाळूपेक्षा एक ते तीन अंशांनी चढतो, कारण वाढलेली पिल्लं स्वतः उष्णता सोडतात. हे विसरलं की गडबड होते: रिकाम्या वाळूत साडेबत्तीस दिसतंय म्हणून निर्धास्त राहावं, तर आत चौतीस ओलांडलेलं असतं.

आकडे असे वाचा. रिकाम्या वाळूत ३१ अंशांपर्यंत काही करू नका. ३१ ते ३२ मध्ये माद्या जास्त होतील, पण अंडी नीट उबतील. नुसतं लक्ष ठेवा. ३२ च्या वर सलग तीन-चार दिवस राहिलं की सावलीची वेळ आली. एकही उपकरण नसेल, तर उबण्याचे दिवस मोजा. ४५-४८ दिवसांत पिल्लं बाहेर आली तर वाळू बरीच तापलेली होती, साठीकडे गेली तर गार. हा ठोकताळाच आहे, पण वर्षानुवर्षांच्या वहीत हाच आकडा सलग उतरत गेलेला दिसला, तर तुमच्या पुळणीचा तो खरा इतिहास आहे.

सावली किती, पाणी किती

हिरवी शेडनेट मिळते तिच्यातली ५० टक्क्यांची, म्हणजे निम्मं ऊन अडवणारी घ्या. बांबूच्या चौकटीवर जमिनीपासून सव्वा ते दीड मीटर उंच ताणा, म्हणजे खालून वारा खेळेल. जाळी वाळूवर अंथरली, तर ती रात्रीची ऊब बाहेर जाऊ देत नाही आणि हेतूच फसतो. पश्चिम आणि दक्षिण बाजूंना जाळी अर्ध्यापर्यंत खाली सोडा, दुपारनंतरचं ऊन तिरपं तिथूनच येतं. शेडनेट नसेल तर माडाच्या झावळ्यांची विरळ विणलेली झापं चालतात; वाऱ्याने उडू नयेत म्हणून दोन ठिकाणी काथ्याने बांधा. अशा सावलीने ४५ सेंटिमीटरवर साधारण एक-दोन अंश उतरतात. परिणाम दिसायला चार-पाच दिवस लागतात, त्यामुळे पारा चढल्यावर धावपळ करण्यापेक्षा फेब्रुवारीच्या सुरुवातीलाच चौकट उभी असावी.

सगळी हॅचरी झाकू नका, यावर तडजोड नको. नोव्हेंबर ते जानेवारीची घरटी उघड्यावर राहू द्या. फेब्रुवारी-मार्चच्या घरट्यांपैकी निम्म्यांवर सावली द्या, निम्मी उघडी ठेवा आणि उघड्या घरट्यांनाही जाळी तेव्हाच घाला जेव्हा आकडा जीवघेण्या पातळीकडे जातो. ‘नर कमी झालेत, म्हणून नर तयार करू’ अशा उत्साहाने जानेवारीतल्या गार वाळूवरही ९० टक्क्यांची जाळी ताणली, तर उबायला सत्तर दिवस लागतील, अंडी ओलीने कुजतील, आणि किनाऱ्याला किती नर हवेत याचा निर्णय आपण आकड्यांशिवाय घेतलेला असेल. आपलं काम अंडी मरू न देणं आणि नैसर्गिक मिश्रण टिकवणं एवढंच आहे.

पाणी हा दुसरा उपाय, तोही कोरड्या आठवड्यांपुरता. गोडं पाणी, सूर्य मावळल्यावर, झारीने, एका चौरस मीटरला पाच लिटरपेक्षा जास्त नाही. एवढ्या पाण्याने वरचे काही सेंटिमीटर भिजतात आणि बाष्पीभवनाने गारवा येतो. समुद्राचं पाणी कधीही नको. पाणी उडून जातं, मीठ साचत जातं आणि ते अंड्यातली ओल ओढून घेतं. जास्त झालं का हे बघायला घरट्यापासून दूर ४५ सेंटिमीटरवरची मूठभर वाळू घ्या. मुठीत दाबल्यावर गोळा व्हावा आणि बोटाने ढोसल्यावर फुटावा. पाणी ठिबकलं, तर वाळूच्या कणांमधली हवेची जागा भरली आहे आणि अंडी गुदमरताहेत.

अवकाळी पाऊस आणि वादळ

मुसळधार अवकाळी सरीने नेमकं हेच होतं: वाळूतली हवेची जागा पाण्याने भरते. पावसाचा अंदाज असेल, तर शेडनेटच्या चौकटीवर उतरती ताडपत्री बांधा आणि हॅचरीच्या वरच्या अंगाला हातभर खोल चर काढून पाणी बाजूला वळवा. पाऊस थांबला की ताडपत्री लगेच काढा. तिच्याखाली हवा कोंडते आणि वाळू आणखी तापते.

अरबी समुद्रात वादळं मुख्यतः मे-जून आणि ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात होतात. मे महिन्यात उबणारं प्रत्येक घरटं हे जोखमीचं घरटं समजा. हवामान खात्याच्या इशाऱ्यात लाटांची उंची आणि वादळी लाटांनी किती पाणी चढणार हे दिलेलं असतं. ते उधाणाच्या वेळेशी जुळतंय का बघा. भांगाच्या दिवशी येणारं वादळ आणि अमावास्येला येणारं वादळ यांत हॅचरीपुरता जमीन-अस्मानाचा फरक असतो. पाणी हॅचरीत शिरणार हे नक्की असेल, तर वन विभागाशी बोलून २५ दिवसांपुढची घरटी थर्माकोलच्या खोक्यांत ओल्या वाळूत, वरची बाजू वर ठेवून, हलवता येतात. खोक्याला झाकणात आणि बाजूंना भोकं पाडा, उन्हाबाहेर, जमिनीवर, न हलता ठेवा. दहा-पंधरा दिवसांच्या घरट्यांना हलवण्यापेक्षा वाळूच्या पोत्यांचा बांध घालणं बरं.

किनाऱ्याची धूप मोजायला काही खर्च नाही. पुळणीवर दर दोनशे मीटरला कायमची खूण ठरवा: विहिरीचा कठडा, देवळाची पायरी, जुना माड. दर महिन्याला पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी तिथपासून भरतीच्या रेषेपर्यंत टेप धरा आणि आकडा लिहा. गावात धूपप्रतिबंधक दगडी बंधाऱ्याचा प्रस्ताव आला, की ग्रामसभेत दाखवायला तुमच्याकडे पुरावा असेल. बंधाऱ्यामागे घरं वाचतील कदाचित, पण त्याच्यासमोरची वाळू लाटा उपसून नेतात आणि कासवाला वर चढायला पुळणच उरत नाही.

पिल्लं बाहेर येताना

४३व्या-४४व्या दिवसापासून प्रत्येक घरट्यावर बांबूची टोपली उपडी घाला आणि रात्री दर दोन तासांनी बघा. वाळू मधोमध खचून खळगा पडला, तर एक-दोन दिवसांत पिल्लं येणार. उष्ण वर्षात ती अंदाजापेक्षा आधी येतात. सकाळी नऊनंतर टोपलीखाली अडकलेली पिल्लं तासाभरात सुकून मरतात, तेव्हा सकाळची फेरी चुकवू नका.

पिल्लं रात्री, पहाटे किंवा सूर्यास्ताच्या वेळी सोडा. अंड्यातून निघालेल्या पिल्लाच्या पोटात पिवळ्या बलकाची थोडी शिदोरी असते. तिच्या जोरावर ते पहिला दिवसभर न थांबता पोहतं आणि किनाऱ्याजवळच्या माशांच्या तडाख्यातून बाहेर पडतं. पर्यटकांना दाखवायला बादलीत संध्याकाळपर्यंत ठेवलेलं पिल्लू ही शिदोरी बादलीच्या भिंतीवर खरचटण्यात संपवतं. रात्री निघालेली पिल्लं सकाळपर्यंत रोखणं टाळा. रोखावीच लागली, तर ओल्या कापडावर, अंधारात, पाण्याशिवाय ठेवा. पाण्यात ठेवलं की ती पोहत राहतात. सोडताना दहा-पंधरा मीटर ओल्या वाळूवरून स्वतः चालू द्या, फ्लॅश बंद ठेवा, आणि सोडण्याची जागा रोज शंभर-दोनशे मीटरने बदला, नाहीतर मासे आणि पक्षी ठरल्या ठिकाणी वाट बघायला शिकतात.

घरटं उकरून निदान

बहुतेक पिल्लं निघाल्यावर दोन-तीन दिवसांनी घरटं उकरा. आत अडकलेलं जिवंत पिल्लू असेल तर सोडा. मग रिकामी कवचं मोजा. निम्म्याहून मोठा तुकडा म्हणजे एक. ११२ अंड्यांतली ८४ कवचं निघाली, तर उबण्याचं प्रमाण ७५ टक्के. इथे थांबू नका. न उबलेली अंडी वाळूवर फोडून बघा. हे काम ओंगळ वाटतं, पण हॅचरीत काय चुकतंय ते इथेच कळतं.

आत काहीच दिसलं नाही, नुसता पिवळा बलक, तर अंडं फळलेलं नव्हतं किंवा गर्भ अगदी सुरुवातीला मेला. अशी अंडी एखाद्या घरट्यात बरीच असली आणि पाटीवर सापडल्यापासून पुरेपर्यंत सहा-सात तास दिसले, तर संशय हलवण्यावर घ्या. डोळ्यांचे काळे ठिपके दिसणारे छोटे गर्भ, सगळे साधारण एकाच आकाराचे, असतील तर त्या दिवसांत काहीतरी घडलं: जोरदार पाऊस, उधाणाचं पाणी किंवा कोणाचा तरी पाय. तारीख मोजून वहीशी ताडून बघा. पूर्ण वाढलेली पिल्लं कवचातच मेलेली आणि घरटं मार्च-एप्रिलचं असेल, तर शेवटच्या आठवड्यांचे तापमानाचे आकडे काढा. बहुधा तिथे ३४ च्या वरचा सलग पट्टा दिसेल. कवचावर गुलाबी-हिरवी बुरशी आणि कुबट वास म्हणजे पाणी जास्त झालं किंवा वाळू जुनी होती.

पिल्लाकडे बघून नर की मादी हे कोणालाही सांगता येत नाही. बाहेरून तशी खूणच नसते. त्यामुळे ‘यंदा इतके टक्के माद्या’ असं वहीत किंवा बातमीत लिहू नका. मधल्या तिसऱ्या भागाचं सरासरी तापमान आणि उबण्याचे दिवस, एवढंच लिहा. पहिलं घरटं कोणत्या तारखेला सापडलं, शेवटचं कोणत्या, हेही दर वर्षी एकाच पानावर उतरवा. हंगाम फेब्रुवारी-मार्चकडे सरकत असेल, तर पुढच्या वर्षी सावलीखालच्या घरट्यांची संख्या वाढवावी लागेल, आणि बांबू किती मागवायचे ते या पानावरून ठरेल.

शेवटचं घरटं उकरलं की मेअखेरीस, पहिल्या पावसाच्या आत, लॉगर दोरीने ओढून काढा, त्यांतली माहिती संगणकावर उतरवून वन विभागाला एक प्रत द्या. खड्डे बुजवा. शेडनेट, नायलॉनच्या दोऱ्या आणि कुंपणाची जाळी पूर्ण सोडवून वर आणा. पुळणीवर राहिलेली जाळी जूनच्या लाटा समुद्रात ओढून नेतात, आणि तिच्यात अडकणाऱ्या प्राण्यांत कासवं असतातच.